शाळा सुटल्यानंतरचे तास

शाळेची घंटा वाजते, मुलें धांवत बाहेर पडतात, आणि त्या दिवसापुरतें शिक्षणाचें काम संपलें अशी सर्वांची समजूत होते. वस्तुतः त्याच क्षणीं एक दुसरी शाळा भरते. तिला छप्पर नसतें, हजेरीपट नसतो आणि तेथें शिकवितो कोण हें कोणी विचारीत नाहीं. गल्लीचें तोंड, पानाची टपरी, अर्धवट बांधलेली इमारत, डोंगराच्या उतारावरील आडोशाची जागा हे तिचे वर्ग होत. ज्याच्या घरीं दुपारीं कोणी वडील माणूस असतें, तें मूल या शाळेंत फार वेळ रमत नाहीं. ज्याच्या घराला कुलूप असतें तें मात्र रोज तेथें जातें. आणि तंबाखूची पहिली चिमूट पुष्कळदां त्याला तेथेंच मिळते.

मुंबईच्या उपनगरांतील दिंडोशीचें उदाहरण घ्यावें. मालाड व गोरेगांव या स्थानकांच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगति महामार्गाला लागून हा भाग आहे. त्याच्या पाठीशीं संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. दक्षिणेस आरे वसाहत आणि 1977 सालीं उभी राहिलेली चित्रनगरी. मृणाल गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षे झगडून उभारलेली ‘नागरी निवारा’ ही हजारों घरांची वसाहत येथलीच. आज येथें मेट्रोचें स्थानक आहे, सत्र न्यायालय आहे, उंच मनोरे आहेत, आणि त्यांच्याच सावलींत डोंगराच्या चढावर एकमेकांना टेकून उभीं असलेलीं पत्र्याचीं घरेंहि आहेत.

अशा वस्तींत आई मनोऱ्यांतील घरीं धुणींभांडीं करावयास जाते. बाप रिक्षा चालवितो, कोठें पहारेकरी असतो, किंवा सकाळीं नाक्यावर मजुरीची वाट पाहत उभा राहतो. मुंबईंत महानगरपालिकेच्या पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळच्या पाळीचें मूल दुपारीं साडेबाराच्या सुमारास सुटतें आणि आई सायंकाळीं सातला परतते असें धरलें, तर मध्यें साडेसहा तास उरतात. शाळेंत तें याहून कमीच वेळ असतें. दुपारच्या पाळीच्या मुलाची रिकामी वेळ सकाळीं येते, इतकाच फरक. त्यांत सुट्यांचे दिवस मिळविले, म्हणजे शाळेबाहेरचा काळ शाळेंतील काळाच्या कितीतरी पट भरतो.

याचा अर्थ वस्तींतील मुलें बिघडलेलीं असतात असा मुळींच नव्हे. बहुसंख्य मुलें याच दुपारींत पाणी भरतात, धाकट्या भावंडांस सांभाळतात आणि अभ्यासहि करतात. व्यसन मनोऱ्यांतहि शिरतें; तेथें त्याला पैसा आणि बंद दार मिळतें, येथें त्याला मोकळी दुपार मिळते. तेव्हां दोष मुलाच्या जातिवंतपणांत किंवा गरिबींत शोधण्यापेक्षां त्या मोकळ्या दुपारींत शोधावा, हें अधिक न्यायाचें होय.

या दुपारींत हातीं लागणारे पदार्थ महाग नसतात, हीच खरी मेख आहे. घरांतील आजीची मिश्री, बापाच्या खिशांतील तंबाखूची पुडी, टपरीवर चोरून विकला जाणारा गुटखा किंवा मावा, ही बहुधा पहिली पायरी. 2019 सालीं झालेल्या जागतिक युवा तंबाखू पाहणीच्या भारतांतील चौथ्या फेरींत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा 8.5 विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या रूपांत तंबाखू घेत असल्याचें दिसलें. त्याहून चिंताजनक गोष्ट निराळीच आहे. ज्यांनीं कधीं ना कधीं तंबाखू घेतली होती, त्यांनीं ती कोणत्या वयांत प्रथम घेतली हेंहि त्या पाहणींत विचारलें होतें. धूर न काढतां तंबाखू घेणाऱ्यांपैकीं शेंकडा 52, बिडी ओढणाऱ्यांपैकीं शेंकडा 47 आणि सिगारेट ओढणाऱ्यांपैकीं शेंकडा 38 जणांनीं वयाचीं दहा वर्षें पुरीं होण्याआधींच सुरुवात केली होती. दहा वर्षें म्हणजे चौथी-पांचवीचा वर्ग. व्यसनाविषयीं बोलावयाचें तें मूल मोठें झाल्यावर, आठवी-नववींत, अशी जी सर्वत्र रीत आहे, ती किती उशिराची आहे हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी पायरी याहून विलक्षण. लिहिण्यांतील चूक झांकण्यासाठीं असलेलें व्हाइटनर, रंग पातळ करण्याचें थिनर, पंक्चर काढणाऱ्याचें सोल्यूशन, यांचा वास हुंगला जातो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असे पदार्थ हुंगण्याचें प्रमाण प्रौढांमध्यें शेंकडा 0.58 आढळलें, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्यें शेंकडा 1.7. पाहणी केलेल्या नशेच्या सर्व प्रकारांत हा एकच प्रकार असा निघाला, कीं ज्यांत मुलांनीं मोठ्यांस मागें टाकलें.

लहानपणीं लागलेली संवय अधिक घट्ट कां बसते, यास कारण आहे. मेंदूंतील सुखाची व बक्षिसाची ओढ निर्माण करणारा भाग लवकर जागा होतो. परंतु ‘थांब, विचार कर’ असें सांगणारा कपाळामागील भाग पूर्ण परिपक्व होण्यास वयाचें पंचविसावें वर्ष उजाडतें. घोडा उधळावयास सिद्ध, पण लगाम अजून तयार व्हावयाचा आहे, अशी ही अवस्था. हुंगलेलें रसायन तर फुप्फुसांतून कांहीं क्षणांतच मेंदूस पोंचतें. तें भूक मारतें, आणि म्हणूनच उपाशी मुलास तें अधिक ओढतें. कधीं कधीं अगदीं पहिल्या वेळींच हृदयाचे ठोके बिघडून मृत्यु ओढवतो. ‘एकदां घेतल्यानें काय होतें’ या प्रश्नाचें उत्तर इतकें कठोर आहे.

कायदा या बाबतींत झोपलेला नाहीं. 2003 च्या तंबाखूविषयक कायद्यानें अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत ती विकण्यास मनाई केली. महाराष्ट्र सरकारनें 2012 सालीं गुटख्यावर बंदी घातली. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलास दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकविणाऱ्यास किंवा त्यांची ने-आण करविणाऱ्यासहि तीच शिक्षा आहे. परंतु शिपाई प्रत्येक गल्लींत सहा तास उभा राहूं शकत नाहीं. शिवाय बापच ‘जा, पुडी घेऊन ये’ म्हणून मुलास टपरीवर धाडतो, तेथें कायद्याचा हात कसा पोंचावा? विक्रेत्यानें त्या मुलास पुडी दिली कीं गुन्हा झाला, पण या गुन्ह्याची सुरुवात घरांतून झालेली असते.

मग उपदेश करावा काय? तो सर्वांत सोपा व सर्वांत आवडता उपाय आहे. वर्षांतून एकदां पाहुणे यावयाचे, काळवंडलेल्या फुप्फुसाचें चित्र दाखवावयाचें, शपथ घ्यावयाची आणि टाळ्या वाजवावयाच्या. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत 1983 सालीं ‘डेअर’ नांवाची अशीच मोठी योजना निघाली. पोलिस अधिकारी वर्गांत येऊन मुलांस अमली पदार्थांविषयीं धडे देत. ती देशभर पसरली. परंतु पुढें ज्या मुलांस हे धडे मिळाले व ज्यांस मिळाले नाहींत, त्यांची तुलना केली तेव्हां दोहोंच्या वर्तनांत फारसा फरक आढळला नाहीं. ती योजना मागाहून बदलावी लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयानें 2013 सालीं व्यसनप्रतिबंधाचीं जीं मानकें प्रसिद्ध केलीं, त्यांतहि नुसती माहिती देणें, भीति घालणें, किंवा व्यसनांतून सुटलेल्या माणसाची कहाणी मुलांस ऐकविणें, हे उपाय निष्फळ ठरल्याचें म्हटलें आहे.

याचें कारण उघड आहे. मूल तंबाखूला हात लावतें तें अज्ञानामुळें नव्हे. पाकिटावरील भीषण चित्र त्यानें रोज पाहिलेलें असतें. मित्रानें दिली म्हणून तें घेतें. नाहीं म्हटलें तर टोळींतून बाहेर पडावें लागेल म्हणून घेतें. दुसरें कांहीं करावयास नाहीं म्हणून घेतें. म्हणजे त्याला सोबत हवी आहे, कांहीं पराक्रम हवा आहे, आणि आपल्याकडे कोणीतरी पाहावें असें वाटतें आहे. या तिन्ही भुका रास्त आहेत. टपरी त्या खोट्या अन्नानें भागविते. त्या खऱ्या अन्नानें भागविणें हेंच शाळेनंतरच्या उपक्रमाचें सारें तत्त्व होय.

हें तत्त्व मुंबईला नवें नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें क्लिफर्ड मॅनशार्ट यांनीं नागपाड्याच्या दाट वस्तींत ‘नेबरहुड हाउस’ सुरू केलें. खेळ, वाचन, वर्ग, आरोग्य अशीं अनेक कामें एकाच छपराखालीं आलीं. त्याच कामांतून 1936 सालीं सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघालें, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. नागपाड्याचें नांव पुढें बास्केटबॉलसाठीं देशभर गाजलें, हा योगायोग नव्हे. 1941 च्या जून महिन्यांत एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली. सायंकाळीं मैदानांत शाखा भरे. मुलगे व मुली खेळत, गाणीं म्हणत, चर्चा करीत. त्या शाखांचा हेतु व्यसनप्रतिबंधाचा नव्हता. परंतु शेंकडों मुलांची सायंकाळ त्यांनीं रिकामी राहूं दिली नाहीं. दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यासाठीं झटलेल्या मृणाल गोरे याच सेवा दलांतून घडलेल्या होत.

वेळेचें महत्त्व सर्वांत स्पष्टपणें ओळखलें तें ‘प्रेरणा’ या संस्थेनें. 1986 सालीं निघालेल्या या संस्थेनें 1988 सालीं कामाठीपुऱ्यांत मुलांसाठीं रात्रीचें केंद्र उघडलें. तेथील मुलांस धोका दुपारीं नसून आई कामांत असतांना रात्रीं होता. म्हणून केंद्रहि रात्रीं. कार्यकर्त्यांच्या सोयीची वेळ न पाहतां मुलाच्या संकटाची वेळ पाहणें, हा यांतील धडा आहे.

तंबाखूलाच लक्ष्य करून शालेय मुलांत काम करणारी मुंबईंतील संस्था म्हणजे 2002 सालीं सुरू झालेलें सलाम बॉम्बे फाउंडेशन. साधारण बारा ते सतरा वर्षांचीं, महानगरपालिकेच्या व अनुदानित शाळांतील मुलें हें तिचें कार्यक्षेत्र. शाळेच्या वेळांत तंबाखूविषयीं माहिती आणि ती नाकारण्याचा सराव होतो. ‘नाहीं’ हा शब्दहि पोहण्यासारखा सरावानेंच येतो. मित्र आग्रह करूं लागला तर काय बोलावें, कसें हंसून विषय बदलावा, कसें उठून जावें, हें मुलांनीं आधीं करून पाहिलेलें असलें तरच प्रसंगीं जमतें. परंतु संस्था येथें थांबली नाहीं. शाळा सुटल्यावर क्रिकेट, हॉकी, नाटक, नृत्य व संगीत यांचे वर्ग, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठीं मोबाइल-दुरुस्ती, घरगुती विजेच्या उपकरणांची दुरुस्ती, दागिन्यांची घडण, बेकरीचे पदार्थ करणें अशा कौशल्यांचें शिक्षण तिनें जोडलें. ज्याला उद्यां सामन्यांत गोलंदाजी करावयाची आहे, त्याला आजची पुडी नाकारण्यास एक कारण मिळतें. ‘नको’ म्हणावयास सांगण्यापूर्वीं ‘हें हवें’ असें कांहींतरी त्याच्या हातीं दिलेलें असतें.

परदेशांतील सर्वांत बोलकें उदाहरण आइसलंडचें. चार लाखांहून कमी वस्तीच्या या देशांत 1998 च्या पाहणींत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकीं शेंकडा 42 जण मागील महिनाभरांत एकदां तरी दारूनें झिंगलेले आढळले. 2016 पर्यंत हें प्रमाण शेंकडा 5 वर आलें. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा 23 वरून 3 वर आलें. हें भाषणांनीं झालें नाहीं. खेळ, संगीत व नृत्य यांच्या संस्थांस सरकारनें पैसा दिला. राजधानींत प्रत्येक मुलाच्या नांवें या छंदांसाठीं वार्षिक रक्कम ठेवली. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनीं हिवाळ्यांत रात्रीं दहानंतर व उन्हाळ्यांत बारानंतर एकट्यानें बाहेर राहूं नये असा नियम झाला, आणि पालकांनीं एकमेकांशीं करार करून तो पाळला. शिवाय मुलांची पाहणी वारंवार करून काय चुकतें तें तपासलें. दिंडोशी म्हणजे आइसलंड नव्हे. तेथला पैसा येथें नाहीं. परंतु मुलाचा वेळ, मुलाचे पालक आणि मुलाची आवड या तिहींस एकत्र बांधण्याची कल्पना श्रीमंतांचीच मालमत्ता नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. मैदान उघडलें आणि चेंडू दिला कीं काम झालें, असें नव्हे. अमेरिकेंतील केंब्रिज व सॉमरव्हिल या गांवीं 1939 सालीं 506 मुलगे निवडून त्यांच्या सारख्यासारख्या जोड्या लावल्या. जोडींतील एकास 1945 पर्यंत सल्ला, शिकवणी, वैद्यकीय मदत व उन्हाळी शिबिरें मिळालीं. दुसऱ्यास यांपैकीं कांहींच नाहीं. तीस वर्षांनंतर जोन मॅकॉर्ड या विदुषींनीं त्यांचा शोध घेतला आणि 1978 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. मदत मिळालेले पुढें अधिक सुखी झाले नव्हते. उलट दारूचें व्यसन आणि अकाली मृत्यु यांचें प्रमाण त्यांच्यांतच अधिक निघालें. पुढील अभ्यासांत असें दिसलें कीं वारंवार शिबिरांस धाडलेल्या मुलांचें सर्वांत अधिक नुकसान झालें होतें. त्याचें बहुधा कारण असें, कीं ज्यांच्याविषयीं चिंता वाटते अशींच मुलें एकत्र कोंडून त्यांस एकमेकांच्या सोबतींत मोकळें सोडलें, तर एकाच्या खोडीला दुसऱ्याची वाहवा मिळते आणि खोडी पराक्रम ठरते. कुजका आंबा वेगळा काढण्याच्या हेतूनें सर्व डागाळलेले आंबे एकाच टोपलींत ठेवावे, तसें तें झालें.

म्हणून दिंडोशीसारख्या ठिकाणीं असें केंद्र चालवावयाचें तर तें ‘वाईट मुलांचें केंद्र’ असूं नये. त्या गल्लींतील सर्व मुलें तेथें यावींत. हुशार व खोडकर, मुलगे व मुली, सर्व. मुलींवर बहुधा धाकट्या भावंडांची जबाबदारी असते. तेव्हां कडेवरच्या भावासह येण्याची त्यांस मुभा असावी, नाहीं तर केंद्र मुलग्यांचेंच होऊन बसतें. प्रत्येक वीस-पंचवीस मुलांमागें एक तरी जबाबदार वडील माणूस सर्व वेळ हजर असावें, आणि त्यानें स्वतः तंबाखू खाऊं नये. आल्याबरोबर मूठभर चणे किंवा केळें मिळावें, कारण उपाशी मुलास शहाणपण ऐकूं येत नाहीं. मग थोडा गृहपाठ, नंतर खेळ किंवा कला. जें काय शिकवावयाचें तें आठवड्यांतून एकदां न शिकवितां रोज शिकवावें. कारण टपरी रोज उघडते. आणि मूल तीन दिवस आलें नाहीं तर कोणीतरी त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी. ही चौकशी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची. आपण नसलों तर कोणाच्या तरी ध्यानांत येतें, हें ज्या मुलास ठाऊक असतें तें सहसा फार दूर भरकटत नाहीं.

जागेचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाहीं. शाळांच्या खोल्या दुसऱ्या पाळीनें अडविलेल्या असतात, हें खरें. परंतु वस्तींत समाजमंदिर असतें, बुद्धविहार असतो, व्यायामशाळा असते, गणेशोत्सव मंडळाची खोली असते. उत्सवाचे दिवस सोडले तर यांपैकीं पुष्कळ जागा दुपारीं कुलूपबंद असतात. एकीकडे कुलूपबंद घराबाहेर उभें असलेलें मूल आणि दुसरीकडे त्याच गल्लींतील कुलूपबंद सभागृह. या दोन कुलुपांची गांठ घालून देणें हेंच मंडळाच्या कार्यकर्त्यांचें काम आहे. शिकवावयास निवृत्त शिक्षक, महाविद्यालयांतील विद्यार्थी, घरीं असलेल्या गृहिणी मिळूं शकतात. मात्र मुलांस कोणाच्या स्वाधीन करतों याची चौकशी आधीं करावी आणि एकट्या माणसाच्या हातीं केंद्र सोंपवूं नये.

पालकांचें कामहि थोडें नाहीं. मुलास पुडी आणावयास धाडणें आजच बंद करतां येईल. त्याला पैसा लागत नाहीं. कपड्यांना रसायनाचा वास, नाकातोंडाभोंवतीं चट्टे, मंदावलेली भूक, शाळेंतील वाढती गैरहजेरी, घरांतून लहानसहान वस्तु नाहींशा होणें, हीं चिन्हें दिसतांच मारहाण न करतां मुलास जवळ घेऊन विचारावें. मारलेलें मूल त्याच टोळीकडे जातें, कारण तेथें त्याला कोणी मारीत नाहीं. अडलेल्या वेळीं मुलांसाठीं 1098 आणि व्यसनाविषयीं सल्ल्यासाठीं 14446 हे दूरध्वनि क्रमांक आहेत. व्यसन जडलेंच असेल तर उपचार आहेत. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्था 1986 पासून हें काम करीत आल्या आहेत. परंतु उपचार दीर्घ असतात, आणि त्या काळांत एका लहान मुलाचें जें बालपण निघून जातें, तें कोणतेंहि रुग्णालय परत देऊं शकत नाहीं.

पहिली चिमूट दहाव्या वर्षाच्या आधीं घेतली जात असेल, तर पहिला चेंडू, पहिलें पुस्तक आणि पहिला ढोलकीचा ठेकाहि त्याच्या आधीं हातीं पडला पाहिजे. तिसरी-चौथीच्या मुलांसाठीं गल्लोगल्लीं असे वर्ग निघणें, ही दिंडोशीची व तिच्यासारख्या प्रत्येक वस्तीची आजची गरज आहे. टपरीवाल्यास मुलाची वेळ ठाऊक आहे. ती समाजासहि ठाऊक असली पाहिजे.